आमची वाटचाल : गावाला विचारून

पहिल्या सहलीला ११ माणसं होती. एक छोटी गाडी, तीन घरांत मुक्काम आणि हातानं लिहिलेला एका पानाचा कार्यक्रम. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी नोकऱ्या सोडून ही ट्रॅव्हल कंपनी काढली, त्याला आता १७ वर्षं झाली. तेव्हा कंपनी म्हणजे भाड्याची एक खोली, एक फोन आणि बुकिंगची डायरी. प्रसिद्ध स्थळांच्या सहली काढणारे पुष्कळ होते. आम्हाला लहान गावं दाखवायची होती, जिथे हॉटेल नसतं आणि पाहुणा कुणाच्या तरी घरीच उतरतो.

ते पहिलं गाव समुद्रकाठचं, मासेमारीवर जगणारं, दीडशे उंबऱ्यांचं. त्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. का, ते पुढे येईल.

पर्यटन आलं की गावाचं वाटोळंच होतं, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही, कारण पहिली चार-पाच वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. गळकी छपरं दुरुस्त झाली. शहरात गेलेला एक मुलगा परत आला आणि पाहुण्यांना होडीतून खाडी दाखवू लागला. ज्या बायकांच्या हातात कधी स्वतःचे पैसे आले नव्हते, त्यांची बँकेत खाती उघडली गेली. आमची गाडी वळणावर दिसली की पोरं धावत यायची. आम्ही काहीतरी चांगलं करतोय याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती.

मग आम्ही वाढलो. ११ जणांच्या गाडीऐवजी ४० जणांची बस आली. गावातल्या धक्क्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांचा एक सुंदर फोटो आम्ही जाहिरातीला वापरला. तो फोटो हजारो जणांनी पुढे पाठवला. दोन वर्षांत त्या गावात आमच्याशिवाय आणखी सात-आठ कंपन्या येऊ लागल्या, आणि सकाळी येऊन पायऱ्यांवर फोटो काढून संध्याकाळी परत जाणारे लोक तर मोजण्यापलीकडे गेले.

एका फोटोची ताकद किती असते, हे पुढे जपानमधल्या फुजिकावागुचिकोची बातमी वाचताना पुन्हा आठवलं. तिथे एका दुकानामागे फुजी पर्वत उभा दिसतो, तेवढा एक फोटो काढायला लोक रस्ता अडवू लागले, कचरा टाकू लागले. शेवटी मे २०२४ मध्ये तिथल्या प्रशासनानं अडीच मीटर उंच आणि २० मीटर लांब काळी जाळी उभारून तो देखावाच झाकला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आमचा पायऱ्यांचा फोटो शोधून काढला आणि बराच वेळ बघत बसले.

गावात काय बदलत होतं ते आम्हाला उशिरा दिसलं. पाहुण्यांचा हंगाम आणि कोरडे महिने एकच. गावातलं माणूस त्या दिवसांत हंडा मोजून पाणी वापरतं. पाहुणा दोनदा अंघोळ करतो, त्याच्या चादरी रोज धुतल्या जातात. विहिरी लवकर तळ गाठू लागल्या. होड्या ओढून ठेवायची जागा गाड्यांनी भरली. रोजच्या गरजेच्या वस्तूंची दोन दुकानं आठवणवस्तू विकू लागली, कारण त्यात नफा जास्त होता, आणि म्हाताऱ्या माणसांना साध्या सामानासाठी शेजारच्या गावी जावं लागलं. बाहेरच्या लोकांनी घरं विकत घेतली. हंगामात चार महिने ती भरलेली, बाकी आठ महिने कुलूप. शाळेत नवीन आलेल्या शिक्षिकेला राहायला खोली मिळेना. भाड्यानं द्यायच्या सगळ्या खोल्या आता रात्रीच्या हिशेबानं जात होत्या. तिनं सहा महिने लांबून ये-जा केली आणि बदली मागून घेतली. त्या खोल्यांपैकी दोन आमच्या यादीत होत्या. ही गोष्ट मला आजही बोचते.

आठव्या वर्षी, ज्यांच्या घरी आमची पहिली सहल उतरली होती त्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझी माणसं चांगली आहेत गं. पण मला माझ्याच अंगणात बसता येत नाही. कुणीतरी बघतच असतं."

माझी मैत्रीण तेव्हा या विषयावर मिळेल ते वाचू लागली. डॉक्सी नावाच्या अभ्यासकानं १९७५ मध्येच मांडलं होतं की पर्यटन वाढतं तशी स्थानिकांची भावना पायरीपायरीनं बदलते : आधी आनंद, मग पाहुण्यांचं काहीच न वाटणं, मग चीड आणि शेवटी उघड वैर. रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाच्या आयुष्याचे टप्पे सांगितले. सुरुवातीला चार भटके येतात, मग गावकरी त्यांची सोय करू लागतात, मग वेगानं वाढ होते, आणि नेमक्या या वाढीच्या टप्प्यात कारभार गावाच्या हातून बाहेरच्यांच्या हातात जातो. ते वाचून आम्ही दोघी गप्प झालो. गावकऱ्यांनी सोय करायला सुरुवात केली ती आमच्यामुळे. पुढचा टप्पाही आमच्याच बसमधून आला होता.

जमाखर्चाची वही काढून एक हिशेब केला : आमच्या सहलीसाठी माणूस जे पैसे भरतो, त्यातले गावात किती राहतात? निम्म्याहूनही कमी. प्रवासाचं भाडं, ऑनलाइन बुकिंगचं कमिशन, बाहेरच्या मालकांच्या खोल्या, बाहेरून आणलेला माल, आमचा स्वतःचा नफा. गावाबाहेर जाणाऱ्या या पैशाला अभ्यासक गळती म्हणतात. विहीर मात्र गावाचीच आटत होती.

मग आम्ही जे केलं ते आमच्या मते धाडसाचं होतं : त्या गावाच्या सगळ्या सहली एका झटक्यात बंद केल्या. ग्राहकांना पत्र पाठवलं, गावाला विश्रांती हवी आहे असं लिहिलं. पुष्कळांनी कौतुक केलं. तीन आठवड्यांनी होडीवाल्या मुलाचा फोन आला. होडीला नवं इंजिन बसवायला त्यानं कर्ज काढलं होतं. तो रागावला नव्हता, नुसता विचारत होता, "ताई, येताना आम्हाला विचारलं नव्हतं, ठीक आहे. पण जातानाही नाही विचारलंत?"

आमच्या वाटचालीत मागे वळून पाहण्यासारखी जागा कुठली असेल, तर हा फोन. फिलिपिन्सच्या बोराके बेटाचं हेच मोठ्या प्रमाणावर झालं. समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यामुळे एप्रिल २०१८ मध्ये सरकारनं ते बेट सहा महिने पर्यटकांना बंद केलं. पाणी सुधारलं, त्याची गरज होतीच. पण तिथल्या हजारो कामगारांची रोजची कमाईही त्यासोबत थांबली. आम्ही छोट्या प्रमाणावर तेच केलं होतं. गाव उघडण्याचा निर्णय आमच्या ऑफिसात झाला आणि बंद करण्याचाही तिथेच.

आम्ही गावात गेलो. शाळेच्या वर्गात बैठक झाली, एकदा नाही, चार महिन्यांत सहा वेळा. पहिल्या बैठकीला फक्त खोल्या देणारे आणि होड्या चालवणारे आले. त्यांना पाहुणे हवेच होते. मावशींनीच विचारलं, ज्यांच्या घरी पाहुणा येत नाही ते कुठे आहेत? दुसऱ्या वेळी ते आले. जाळी विणणारे, भाड्यानं राहणारे, एकटी म्हातारी माणसं. एकच गाव, पण कुणी आनंदात होतं, कुणी चिडलेलं, आणि काहींनी तर बोलणंच सोडलेलं. पुस्तकात एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या इथे एकाच बाकावर शेजारी बसल्या होत्या. आवाज चढले. दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, त्यातलं आमचं ओझं मी नाकारत नाही.

शेवटी गावानं जे ठरवलं ते असं. एका रात्री सगळ्या घरांत मिळून जास्तीत जास्त २४ पाहुणे. विहिरीची पातळी बघून ही संख्या दर हंगामात गाव बदलणार. बस गावाबाहेर थांबणार, होड्यांची जागा होड्यांची. वर्षभर घरात राहणाऱ्यांच्याच खोल्या आम्ही घ्यायच्या. दर पाहुण्यामागे ठरलेली रक्कम गावाच्या सामाईक खात्यात, आणि तिचा खर्च कशावर करायचा त्यात आम्ही बोलायचं नाही. आणखी एक अट : जाहिरातीत गावाचं नाव नको, पायऱ्यांचा फोटो नको. म्हणून वर नाव लिहिलं नाही. गावानं शिक्षकांसाठी दोन खोल्या बांधायला पहिला पैसा वापरला.

इतर कंपन्यांना हे बंधनकारक नव्हतं. दोन आमच्यासोबत आल्या, बाकीच्या नाही. दिवसभराची गर्दी कमी झाली ती मुख्यतः गावानं गाड्या आत सोडणं थांबवल्यावर. आमचं त्या वर्षीचं उत्पन्न इतकं घसरलं की नऊपैकी दोन सहकाऱ्यांना दुसरीकडे काम शोधावं लागलं. त्यातला एकजण चौथ्या सहलीपासून आमच्यासोबत होता.

दुसरीकडे लोक काय करतात हे आम्ही तेव्हापासून पाहत असतो. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ते ५० हजारांच्या खाली आले. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांकडून तिथे प्रवेश शुल्क घेतलं जातं. मला वाटतं, शुल्कानं तिजोरीत भर पडेल, पण गेलेल्या माणसाला त्यानं परतायला घर मिळत नाही. त्या मानानं बार्सिलोनाचा निर्णय मुळाशी जाणारा आहे : पर्यटकांना देण्यासाठी परवाना असलेल्या १० हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे आणि ती घरं राहणाऱ्यांकडे वळवायची. तो निभावेल का ते दिसेलच. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांची कल्पना मात्र आम्ही सरळ उचलली. २०१९ मध्ये त्यांनी एप्रिलच्या अखेरीस दोन दिवस प्रमुख ठिकाणं पर्यटकांसाठी बंद ठेवली आणि १०० स्वयंसेवकांना बोलावून पायवाटा दुरुस्त केल्या. आम्ही वर्षातून एक सहल अशी काढतो. गाव काम सांगतं, आम्ही करतो. गेल्या वर्षी विहिरीतला गाळ काढला.

१९५० मध्ये जगभरात देशाबाहेर फिरायला जाणाऱ्यांची वर्षाची संख्या सुमारे अडीच कोटी होती. २०१९ मध्ये ती १४६ कोटींच्या आसपास पोचली. एवढ्या प्रवाहात आमची २४ माणसं कुठल्याच हिशेबात येणार नाहीत, हे मला माहीत आहे. त्या विहिरीच्या हिशेबात ती येतात.

नंतरच्या वर्षांत आणखी चार गावांशी असाच करार झाला. पाचव्या गावानं तीन बैठकांनंतर नाही म्हटलं. जागा फार देखणी होती, आमची तयारी झाली होती, नकाशेही छापले होते. ते नकाशे आम्ही गावातच ठेवून आलो. आमचे दोन तरुण सहकारी परतीच्या वाटेवर फार खट्टू होते. त्यांना समजवायला माझ्याकडेही फारसं काही नव्हतं. मलाही वाईट वाटलं होतं.

काल संध्याकाळी पहिल्या गावातून फोन आला. मावशी आता थकल्या आहेत, त्यांची सून बोलली. यंदा पाऊस कमी, पाणी खाली गेलंय, गावानं २४ चे १६ केले आहेत, पुढच्या महिन्यापासून. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सहलीत आमच्याकडे २४ नावं आहेत, सगळ्यांचे पैसे भरलेले. आज सकाळी मैत्रिणीनं यादी छापली आणि शेवटच्या आठ नावांखाली रेघ मारली. चार फोन ती करतेय, चार मी.