रुबेला: दिसणारा मोतीबिंदू, न दिसणारं बहिरेपण

रुबेला या विषाणूच्या आजारातलं पुरळ तीनेक दिवसांत मावळतं. थोडी कणकण, कानामागे आणि मानेत गाठी, एवढंच. कित्येकींना तर काहीच जाणवत नाही. त्यामुळे "मला कधी पुरळ आलं नाही" या आठवणीवर विसंबू नका. गरोदरपणात विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो. पहिल्या 12 आठवड्यांत, म्हणजे डोळे, हृदय, कान घडत असताना संसर्ग झाला, तर 10 पैकी 8-9 बाळांना इजा होऊ शकते. 20 आठवड्यांनंतर हा धोका फारच कमी.

सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 साली जन्मतः मोतीबिंदू असलेल्या 78 बाळांची नोंद मांडली. त्यांतल्या 68 जणांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. अनेकांच्या हृदयातही दोष होते. बहिरेपणाचा उलगडा मात्र नंतर झाला, आणि आजही तेच उशिरा कळतं, खरं तर सर्वांत जास्त आढळणारा दोष तोच. डोळ्याच्या बाहुलीतला पांढरेपणा आईला दिसतो. न ऐकणारं बाळ हसतं, दूध पितं, मग कुणाला शंका येणार?

म्हणून संशय असेल तर बाळाच्या रक्तातली आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) चाचणी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), डोळ्यांची तपासणी आणि बेरा (ऐकण्याची तपासणी), सगळं पहिल्या काही आठवड्यांतच करावं. ऐकणं पहिल्या वेळी ठीक निघालं तरी पुढे पुन्हा तपासावं. ते नंतरही कमी होऊ शकतं. असं बाळ वर्षभरापर्यंत लाळेतून, लघवीतून विषाणू बाहेर टाकू शकतं, तेव्हा घरातल्या गरोदर बाईला जपा.

गरोदरपणातल्या टॉर्च चाचणीत (गर्भाला इजा करू शकणाऱ्या संसर्गांची एकत्र रक्तचाचणी) आयजीएम पॉझिटिव्ह आला की घरात रडारड होते. एकट्या त्या अहवालावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. तो खोटाही निघतो. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आयजीजी (संसर्गानंतर टिकून राहणारी प्रतिपिंडं) आणि सोबत अ‍ॅव्हिडिटी (त्या प्रतिपिंडांची पकड किती घट्ट ते) तपासली की संसर्ग नवा की जुना ते बरंचसं कळतं.

रुबेलाची लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणात देत नाहीत. घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. चुकून दिली गेलीच, तर तेवढ्यासाठी गर्भ पाडण्याचं कारण नाही. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही ती घेता येते. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचे दोन डोस आहेत: 9 ते 12 महिन्यांत आणि 16 ते 24 महिन्यांत. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 पासूनच्या मोहिमेत 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांना लस मिळाली. तेव्हा त्याहून मोठ्या असलेल्या मुलींनी लग्नाआधी लसीकरणाचं कार्ड शोधावं. नोंद नसेल तर लस घ्यावी.