‘रंग : बांडा’ एवढंच लिहून भागत नाही

विम्याच्या अर्जात, विक्रीच्या जाहिरातीत गुराचा रंग नुसता ‘बांडा’ लिहिलेला सर्रास दिसतो. त्यावरून जनावर ओळखायचं कसं?

अंगावर दोन रंगांचे मोठे, वेडेवाकडे डाग असतील तर बांडा. त्याला रंगाची जोड हवीच: काळाबांडा, तांबडाबांडा. बारीक ठिपक्यांत रंग मिसळलेला असेल तर कबरा. बाजारात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात. कागदावर तरी फरक करावा.

देवणी पाळणाऱ्यांनी हे काम आधीच सोपं करून ठेवलंय. लातूर, नांदेड, बिदर भागातल्या या जातीत अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या असल्या तर वानेरा, पांढऱ्या अंगावर खालच्या बाजूला काळे ठिपके असले तर बालंक्या, अंगभर बेढब काळे डाग असले तर शेवरा. मात्र नुसत्या काळ्या-पांढऱ्या रंगावर देवणी म्हणून पैसे मोजू नका, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकरित गाईही बऱ्याचदा काळ्याबांड्याच असतात. वशिंड, लोंबते लांब कान, फुगीर कपाळ आणि गळ्याची पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी) बघा.

वर्णन लिहिताना आधी मूळ रंग, मग डागाचा. नंतर कपाळ, नाकपुडी, खूर आणि शेपटीचा गोंडा. डाव्या-उजव्या कुशीचे डाग सारखे नसतात, म्हणून फोटो दोन्ही बाजूंनी काढा, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वाचता येईल असा एक वेगळा. त्याआधी जनावर धुवा. शेणाचा डाग फोटोत तांबडा दिसतो. तापल्या लोखंडाने डाग दिल्याच्या किंवा जुन्या जखमेच्या जागी पांढरे केस येतात, ते ‘खूण’ म्हणून लिहा, रंगात धरू नका.

जन्मतः असलेल्या डागावर केस दाट असतात आणि त्याची जागा बदलत नाही. डोळ्यांभोवतीचे केस नव्याने फिके पडू लागले तर तांब्याची कमतरता असू शकते. वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर केस गळून गोल, राखाडी खपल्या धरल्या तर बहुधा गजकर्ण. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण लागत नाही म्हणतात, गजकर्ण मात्र लागतो, माणसालाही. असं वासरू वेगळं बांधा, त्याचा खरारा दुसऱ्या जनावराला वापरू नका, हातमोजे घाला आणि मलम पशुवैद्यकाला विचारूनच लावा.