आमची वाटचाल : निरोप देण्याचा व्यवसाय

आमची संस्था लहान आहे. आम्ही मोजके कोच, म्हणजे प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचं उत्तर शोधायला मदत करणारी माणसं, एकत्र येऊन वेगवेगळ्या कंपन्यांमधल्या, जबाबदारीच्या पदांवरच्या माणसांबरोबर काम करतो. आमच्याकडे आलेला माणूस काही महिन्यांनी आमच्याविना चालू लागला पाहिजे, ही या कामाची अट. आणि संस्था चालवायची तर लोक टिकले पाहिजेत, ही व्यवसायाची अट. या दोन्ही सांभाळत इथवर आलो. त्यामुळे वाटचालीबद्दल लिहायला बसलं की आम्ही काय मिळवलं यापेक्षा काय काय सोडत गेलो, हेच आधी आठवतं.

सगळ्यात आधी सोडावा लागतो तो सल्ला. आमच्यातले बहुतेक जण कोच होण्याआधी कुठल्या ना कुठल्या वरिष्ठ पदावर होते. समोरच्याने अडचण मांडायची आणि आपण मार्ग सांगायचा, ही सवय वर्षानुवर्षांची. ती एका प्रशिक्षणाने जात नाही. समोरचा बोलत असतो आणि आपल्या डोक्यात उत्तर तयार झालेलं असतं. त्या क्षणापासून आपलं ऐकणं थांबतं, आपण फक्त आपली पाळी यायची वाट बघत असतो.

एक प्रसंग सांगते. संबंधित व्यक्तीची परवानगी घेतली आहे, तपशील बदलले आहेत. नुकत्याच विभागप्रमुख झालेल्या एक बाई सत्राला आल्या होत्या. हाताखालचा एक जुना सहकारी काम वेळेत देत नाही, त्याच्याशी कसं बोलावं, हा त्यांचा प्रश्न. असं बोलणं कसं करायचं हे मला चांगलं ठाऊक होतं, वाक्यं जिभेच्या टोकावर होती. मी एवढंच विचारलं, ‘या बोलण्यातून तुम्हाला काय व्हायला हवंय?’ त्या थांबल्या. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. खिडकीकडे बघत राहिल्या. मी काहीही बोलले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘खरं सांगू? तो उशीर करतो कारण त्याचं निम्मं काम मीच काढून घेते. मला ते काम अजून आवडतं. ते माझ्याच्याने सुटत नाहीये.’ अवघड संवादाची माझी तयार वाक्यं मी पुढे केली असती, तर आम्ही दोघी चुकीच्या प्रश्नाचं उत्तम उत्तर शोधत बसलो असतो.

हे आम्ही शोधून काढलेलं नाही. 1970च्या दशकात टिमथी गॉलवे हे अमेरिकी टेनिस प्रशिक्षक खेळाडूला मनगट असं धर, पाय तसा टाक, असं सांगायचं कमी करून त्याचं लक्ष चेंडूकडे वळवत. चेंडू जमिनीवर टप्पा घेईल तेव्हा ‘टप्पा’ म्हणायचं, रॅकेटला लागेल तेव्हा ‘फटका’ म्हणायचं, एवढंच काम. सूचनांचा मारा थांबला की खेळ आपोआप सुधारतो, असं त्यांच्या ध्यानात आलं. आधी मोटार शर्यतींमध्ये उतरणारे जॉन व्हिटमोर यांनी हीच दृष्टी ब्रिटनमधल्या कंपन्यांपर्यंत नेली. आज आम्ही ज्याला व्यावसायिक कोचिंग म्हणतो, त्याची एक मोठी मुळी तिथे आहे. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या कोचला मी हा टप्पा-फटक्याचा सराव आवर्जून सांगते, कारण त्यात प्रशिक्षकाने काय केलं नाही, तेच महत्त्वाचं आहे.

सल्ला सुटला तरी तो वेष बदलून परत येतो. ‘तुम्हाला असं नाही का वाटत, की वरिष्ठांशी बोलायला हवं?’ याला प्रश्नचिन्ह असलं तरी तो सल्लाच. म्हणून क्लायंटची लेखी संमती असेल तेव्हा आम्ही सत्राचं ध्वनिमुद्रण करतो आणि नंतर अनुभवी सुपरवायझरबरोबर, म्हणजे कोचच्या कामाचा आढावा घेणाऱ्या ज्येष्ठ कोचबरोबर, ते ऐकतो. स्वतःचा आवाज ऐकला की कुठे आपण आपलं घोडं पुढे दामटलं, ते लगेच कळतं. घरून ठरवून आणलेले सुंदर प्रश्नही आता आम्ही आणत नाही. समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातून जो प्रश्न निघतो, तो खूप साधा असतो आणि बहुतेक वेळा पुरेसा असतो.

याहून कठीण असतं परिणामावरची पकड सोडणं. पैसे कंपनी देते, काम व्यक्तीबरोबर चालतं. म्हणजे करार तिघांचा असतो. कंपनीला वाटतं, या व्यक्तीने बढतीसाठी तयार व्हावं. आणि सत्रांमध्ये त्या व्यक्तीला उमगतं, की आपल्याला ते पद नकोच आहे. अशा वेळी कोच मनातून एका बाजूला झुकला की काम संपलं. त्यामुळे पहिल्याच त्रिपक्षीय बैठकीत आम्ही स्पष्ट सांगतो : ठरलेली उद्दिष्टं आणि सत्रांची हजेरी एवढंच कंपनीला कळेल, आत काय बोललं गेलं ते नाही, आणि निर्णय कुठल्या दिशेने जाईल याची हमी आम्ही देणार नाही. हे ऐकून काही कंपन्या पुढे येत नाहीत. ते काम गेल्याचं वाईट वाटतं, पण वेगळं काही कबूल करून ते घेण्याची माझी तयारी नाही.

सोडून देणं म्हणजे हात झटकणं मात्र नव्हे. वेळ, गोपनीयता, ठरलेल्या उद्दिष्टाकडे परत परत बघणं, हे कोचने घट्टच धरायचं. समोरची व्यक्ती खोल निराशेत आहे, स्वतःला इजा करण्याचे विचार येत आहेत, असं दिसलं तर ‘तिचं ती बघेल’ म्हणून गप्प बसायचं नाही. तिथे कोचिंग थांबवून मानसोपचार तज्ज्ञाकडे जायला मदत करायची. नवख्या कोचचा इथे फार गोंधळ होतो, म्हणून आमच्या पहिल्या प्रशिक्षणात यावर सर्वांत जास्त वेळ जातो.

आता व्यवसायाची बाजू. नवा ग्राहक मिळवण्यापेक्षा जुना टिकवणं स्वस्त पडतं, हे कुठलाही व्यावसायिक सांगेल. आमच्या क्षेत्रात त्याला आणखी एक आमिष जोडलेलं आहे. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या 1995 साली सुरू झालेल्या संस्थेची प्रमाणपत्रं कोचिंगच्या तासांवर अवलंबून असतात : पहिल्या पातळीला 100 तास, दुसऱ्या पातळीला 500, सर्वोच्च पातळीला 2500. तासांची ही शिडी चढणाऱ्या कोचला चांगलं जुळलेला क्लायंट सोडवत नाही. ‘अजून थोडं काम बाकी आहे’ हे कारण तर नेहमीच उपलब्ध असतं. त्याच फेडरेशनची नीतिसंहिता मात्र सांगते, की या नात्याचा क्लायंटला होणारा उपयोग बदलतोय का, याकडे कोचने सावध असावं आणि गरज पडल्यास दुसरा कोच किंवा दुसरी मदत सुचवावी.

म्हणून आमच्याकडे शेवट सुरुवातीलाच ठरतो. सत्रांची संख्या आणि शेवटची तारीख पहिल्या कागदावरच असते. मधल्या आढाव्यात ‘थांबायचं का?’ हा प्रश्न कोचनेच विचारायचा, क्लायंटला तो काढायची वेळ येऊ द्यायची नाही. मुदतवाढ आपोआप मिळत नाही. नवं उद्दिष्ट असेल तर मध्ये खंड ठेवून नवा करार. शेवटच्या सत्रात नवीन विषय उघडायचा नाही. काय बदललं हे क्लायंटने स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि त्याचं श्रेय घेण्याचा मोह कोचने आवरायचा. यामुळे काही महिने आमचं वेळापत्रक रिकामं जातं, आणि जमाखर्च बघणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला ते सोसावं लागतं. पण नवं काम बहुतेक आधीच्या क्लायंटच्याच ओळखीतून येतं, आणि वेळेवर निरोप दिलेला माणूस आमच्याबद्दल मोकळेपणाने बोलतो, हा आमचा अनुभव.

मालक म्हणून मलाही असंच सोडावं लागलं. सुरुवातीला सगळे क्लायंट मला विचारत येत. पहिली भेट मी घ्यायची आणि काम सहकाऱ्याने करायचं, हा प्रकार आम्ही बंद केला, कारण पहिल्या भेटीत माझ्याशी जुळलेला विश्वास मागाहून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आता क्लायंट थेट दोन-तीन कोचना भेटून स्वतः निवड करतो, आणि त्या भेटींना मी हजर नसते.

अलीकडे आमच्यात एका गोष्टीवर वाद चालला होता. काम संपल्यावर तीन महिन्यांनी विचारपूस करावी का? एका सहकाऱ्याला तो जिव्हाळा वाटतो, दुसरीला ती सुटत नसलेली गाठ. पुष्कळ चर्चेनंतर ठरलं, की शेवटच्या सत्रात क्लायंटलाच विचारायचं. हवं असेल तर फोन त्याने करायचा, तारीख त्याने ठरवायची, आणि फोन आला नाही तर आम्ही आठवण करून द्यायची नाही. ही नोंद आता कराराच्या मसुद्यात शेवटच्या कलमाच्या आधी घातली आहे.