कार्ड घासलं की बंदूक दिसते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. पुण्यात बसून मी अमेरिकेतल्या दुकानांच्या कार्ड-व्यवहारांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच: "तिकडं म्हणे कार्डावर बंदूक घेतली की थेट सरकारला कळतं. खरं का हो?"

नाही. पण का नाही, हे सांगायला जरा वेळ लागतो.

कार्ड चाललं की तुमच्या बँकेकडं जातं ते साधारण एवढंच: रक्कम, तारीख, दुकानाचं नाव-गाव आणि त्या दुकानाचा चार आकडी कोड. आम्ही त्याला एमसीसी म्हणतो. पुस्तकांचं दुकान ५९४२, सराफी ५९४४, बार ५८१३. घरभाडं क्रेडिट कार्डावर भरल्यावर पॉइंट मिळत नाहीत म्हणून तुम्ही करवादता ना, ते याच कोडावरून ठरतं. कोड दुकानाला असतो, वस्तूला नसतो. दुकानदाराला कार्ड-मशीन देणारी बँक किंवा कंपनी तो सुरुवातीलाच लावून टाकते. म्हणजे ही झाली दुकानावरची पाटी. गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय आहे ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

बंदुकांच्या दुकानांना स्वतःची पाटी नव्हती. ती खेळसाहित्याच्या ५९४१ मध्ये किंवा 'इतर किरकोळ'च्या ५९९९ मध्ये मोडायची. न्यूयॉर्कच्या अमॅल्गमेटेड बँकेनं वेगळ्या कोडाची मागणी लावून धरली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ५७२३ मंजूर केला. मागणीला जोर आला होता तो सामूहिक गोळीबारांमुळे. २०१६ मध्ये ऑरलँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये ४९ माणसं मारणाऱ्यानं त्याआधीच्या १२ दिवसांत २६,००० डॉलरहून जास्त खर्च कार्डांवर केला होता, त्यातली बरीच कार्डं नवीन काढलेली. शस्त्रं आणि काडतुसं त्या खर्चातच आली. कार्डावरचा विचित्र खर्च कुणाच्या नजरेत येतो का, हे त्यानं गूगलवर शोधलंही होतं. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८ मध्ये हे छापलं, तेव्हा आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात गोळा आला असणार. माझ्या तरी आला.

मग राज्यांची ओढाताण सुरू झाली. बंदूकवाल्या राज्यांनी विरोधात विधेयकं आणल्यावर मार्च २०२३ मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड वगैरेंनी हा कोड थंड्या बस्त्यात टाकला. फ्लोरिडा आणि टेक्सासनं त्याच वर्षी कायदा करून तो वापरायला बंदी घातली, पाठोपाठ आणखी राज्यं आली. कॅलिफोर्नियानं सप्टेंबर २०२३ मध्ये नेमका उलटा कायदा केला: १ मे २०२५ पर्यंत ५७२३ लावायचाच. कोलोराडो आणि न्यूयॉर्क २०२४ मध्ये त्याच वाटेनं गेले. गंमत बघा, फ्लोरिडात कोड लावून नियम मोडला तर दंड १०,००० डॉलरपर्यंत, आणि कॅलिफोर्नियात न लावता मोडला तरी १०,०००. कार्डाचं जाळं देशभर एकच. दुकान कुठल्या राज्यात आहे ते पाहिल्याशिवाय आता कोड ठरवता येत नाही.

कोडाच्या बाजूचे म्हणतात, यानं पुढचा ऑरलँडो थांबेल. मला एवढी खात्री नाही. बंदुकीच्या दुकानातून पोलादी तिजोरी घेतली, जिच्यात शहाणी माणसं बंदूक कुलपात ठेवतात, तरी नोंद ५७२३चीच आणि रक्कम रायफलीपेक्षा मोठी दिसू शकते. उलट वॉलमार्टमधून काडतुसं नेली तर कोड वॉलमार्टचा. कॅलिफोर्नियाचा कायदाही ज्यांच्या विक्रीत शस्त्रांचा वाटा सर्वांत मोठा आहे, त्या दुकानांपुरताच आहे.

आणि विरोधक म्हणतात, ही बंदूकधाऱ्यांची चोरवाटेनं केलेली यादी. तर बाबांनो, 'अमुक गन शॉप' हे नाव स्टेटमेंटवर आधीपासूनच छापून येतंय! कोडानं फरक एवढाच पडतो की हजारो दुकानांची नावं चाळण्याऐवजी संगणकाला चार आकड्यांवर चाळणी लावता येते.

हा 'एवढाच' मात्र थोडका नाही. त्यांच्या भीतीला मी हसत नाही. १९८६च्या कायद्यानं तिथल्या केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही ठेवायला मनाई आहे. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची जी पार्श्वभूमी तपासणी होते, तीत पास झालेल्याची ओळख २४ तासांत पुसावी लागते. आपल्याकडं शस्त्र परवाना सरकारच देतं आणि त्याची राष्ट्रीय नोंदही ठेवतं, म्हणून आपल्याला हा आरडाओरडा चमत्कारिक वाटतो. शिवाय बँकेतल्या नोंदी ग्राहकाच्या खासगी मालमत्तेत धरत नाहीत, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये मिलर खटल्यात सांगून ठेवलंय. बँकेला व्यवहार संशयास्पद वाटला तर ती तसा अहवाल अर्थखात्याच्या फिनसेन या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागाकडं पाठवते, आणि ग्राहकाला त्याचा पत्ता लागू द्यायलाही तिला कायद्यानं मनाई असते.

जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला, तेव्हा कार्डाच्या नोंदींवरून क्लिनिकला जाणाऱ्या बायका शोधल्या जातील, ही भीती उदारमतवाद्यांनी बोलून दाखवली होती. तीच मंडळी तीन महिन्यांनी ५७२३चं स्वागत करत होती. कोण चाळलं जातंय त्यावर मत बदलत असेल, तर तो खासगीपणाचा आग्रह कसला?

माझं विचाराल तर पाटी असावी. सराफाला आहे, बारला आहे, बंदुकीच्या दुकानाला का नको? कायद्यांनी खरं तर पुढचं लिहायला हवं होतं: या कोडावर चाळणी कोण लावणार, किती रकमेला, किती दिवसांची, आणि निष्पाप निघालेल्याची नोंद पुसणार कधी. कोड लावा की लावू नका, यावरच आमदारांची शक्ती संपली.

डॅलसला असलेल्या माझ्या भाच्यानं मध्ये फोनवर विचारलं, "मामा, मग मी रोखीनं घेऊ का?" तो एच-१बी व्हिसावर आहे. त्याला म्हटलं, कार्ड राहू दे बाजूला. तात्पुरत्या व्हिसावाल्याला तिथं बंदूक विकतच घेता येत नाही. शिकारीचा परवाना काढलास तर अपवाद आहे, पण तू आधी झुरळ मारायला शीक.