स्पायरोडेलाची गुणसूत्रं मोजताना

वाघोडिया रस्त्याकडच्या एका तळ्यातून आणलेलं डकवीड मी दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत परातीत ठेवलं, तेव्हा आजी म्हणाली, "अगं, शेवाळ कशाला आणलंस घरात? डास होतील." मी तिला भिंगातून दाखवलं: हिरव्या टिकल्या, खाली मुळांचा झुबका. शेवाळ नाही, सपुष्प वनस्पती.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी या डकवीडची, म्हणजे स्पायरोडेला पॉलिरायझाची, गुणसूत्रं मोजायची होती. कांद्याच्या सवयीने मी मुळांची टोकं घेतली आणि तीन आठवडे गेले. विभाजन होणारी पेशी एकही मिळाली नाही. कांद्यात गुणसूत्रं 16च, पण लांबलचक, कारण त्याचा जनुकसंच, म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातला सगळा डीएनए, स्पायरोडेलाच्या जवळजवळ शंभरपट. इथे एका संचात डीएनएच्या सुमारे 15.8 कोटी बेसजोड्या 20 गुणसूत्रांत वाटलेल्या, आणि पेशीत असे दोन संच. एकेक गुणसूत्र म्हणजे ठिपकाच.

मार्ग दाखवला तो आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी. "मूळ सोड. आईच्या टिकलीला दोन कप्पे असतात, त्यात पिल्लू वाढत असतं. ते काढ."

मग पाणी बदलून, खत घालून आधी ताजी वाढ करून घेतली. पिल्लू दिसतं न दिसतं तोच ते 8-हायड्रॉक्सिक्विनोलिनमध्ये, म्हणजे विभाजन मधेच थांबतं. पुढे पेशी आहेत तशा टिकवायला तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्ल. पेशीभित्तिका सैल करायला सेल्युलेज आणि पेक्टिनेज ही विकरं. हीच पायरी सगळ्यात नाजूक: कमी वेळ दिला तर पेशी एकमेकींना चिकटून राहतात, जास्त दिला तर सगळ्याचा लगदा होतो. किती वेळ पुरतो, हे मला डोळ्यांनीच शिकावं लागलं.

आकडा कधी 38 यायचा, कधी 39. दोन ठिपके एकावर एक आले की एक हरवतो. एकाच जातीचे वेगवेगळे आकडे जुन्या नोंदींत का सापडतात, हे तेव्हा मला मनापासून पटलं. शेवटी ठरवलं, गुणसूत्रं पूर्ण विखुरलेली पेशी असेल तरच धरायची. अशा अकरा पेशी मिळाल्या. अकराही वेळा 40.

फोटो पाहून आजीने विचारलं, "आणि माणसात?"

"शेहेचाळीस."

ती बराच वेळ त्या टिकल्यांकडे बघत राहिली.

आता परातीत व्होल्फिया हे दुसरं डकवीड आहे, खसखशीपेक्षा लहान, मूळ नसलेली. तिच्याच प्रजातीतल्या व्होल्फिया अऱ्हायझाचा जनुकसंच स्पायरोडेलाच्या दहापटींहून मोठा आहे. देह आक्रसत गेला आणि डीएनए मात्र फुगला! हिची गुणसूत्रं कशी दिसतील, ते बघायला मी अधीर झालेय.