वासना राहिली

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

दुपारी ताईचा फोन. "काल रात्री दीडला व्हॉट्सॲपवर दिसलीस, बरं आहे ना तुझं?" सिनेमा बघत होते, म्हटलं. कसला? एका बाईचा. काय होतं तिला? मी म्हटलं, होत काही नाही, तिला हवं असतं.

"काय हवं असतं?"

इथे माझी जीभ अडली. चोवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि सख्ख्या बहिणीला सांगायला शब्द सापडेना. वासना म्हटलं की पाप आलं. कामेच्छा म्हटलं की पेपरातला डॉक्टरांचा सल्ला. इच्छा म्हणावं तर ती जेवायचीही असते, गावी जायचीही असते. उरलेले शब्द बाईला शिवी द्यायला वापरतात. लावणीत बाई हे सगळं मोकळेपणी बोलते खरी, पण ते बोल बहुतेक शाहिरांनी, पुरुषांनी लिहून दिलेले. शेवटी म्हटलं, "अगं, भूक लागलेली असते तिला." ताई म्हणाली, "मग खावं तिने काहीतरी," आणि कुकर लावायला उठली.

ताईचं चुकलं नाही. त्या सिनेमात ती खातेच.

दिग्दर्शिका शांताल आकेरमानचा 'ज तु इल एल', म्हणजे मी, तू, तो, ती. १९७४ सालचा, कृष्णधवल. आकेरमान ब्रसेल्सची, तेव्हा विशीतली, आणि मुख्य भूमिकेत ती स्वतःच. सुरुवातीला बराच वेळ ती एका खोलीत एकटी आहे. सामान बाहेर काढत काढत शेवटी एक गादी उरते. तिचाच आवाज सांगत राहतो की फर्निचर निळं रंगवलं, मग हिरवं. पडद्यावर निळं नाही की हिरवं नाही, सगळं करडं. तिने सांगितलं म्हणून मानायचं. एकटं राहणाऱ्या बाईचा दिवस असाच असतो. आज पडदे धुतले, आज माळा आवरला, हे ती सांगेल तेव्हाच कळतं, कारण बघायला दुसरं कुणी नसतं.

मग ती पत्र लिहायला घेते. जमिनीवर पालथी पडून लिहिते, खोडते, परत लिहिते, पानं समोर पसरून ठेवते. शेजारी कागदी पिशवीत साखर. एका हातात पेन, दुसऱ्या हातात चमचा, आणि चमचा पिशवीकडे न बघता जातो, भरून येतो, तोंडात रिकामा होतो. चहात नाही, पोळीबरोबर नाही, नुसती साखर. साखर पानांवर सांडते तेव्हा ती चमच्याने गोळा करून परत पिशवीत भरते. तिथे मी सिनेमा थांबवला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. वेगळी झाले त्या वर्षी मी रात्री ओट्याशी उभी राहून गुळाचे खडे खायचे. दिवा न लावता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

मधला ट्रकवाल्याचा भाग भराभर लिहिते. ती त्याच्याबरोबर प्रवास करते, तो स्वतःची बायको, मुलं, स्वतःचं शरीर यांवर लांबलचक बोलतो आणि ती ऐकते. पुरुषाला बोलायला शब्द मिळतात आणि ऐकणारी बाईही मिळते, एवढं त्यातून माझ्या लक्षात राहिलं.

शेवटी ती एका मैत्रिणीच्या, पूर्वीच्या प्रेयसीच्या, दारात जाते. प्रेयसी म्हणते, तू इथे राहायचं नाहीस. आणि ही म्हणते, मला भूक लागलीय. प्रेयसी पाव आणते, त्यावर काहीतरी लावून देते. ही खाते आणि म्हणते, अजून. मग म्हणते, तहान लागलीय. प्रेयसी समोर बसून तिला खाताना बघते. त्यानंतर त्या दोघी बिछान्यात आहेत आणि कॅमेरा लांब एका जागी उभा, अजिबात पुढे सरकत नाही. शरीराचा एकेक तुकडा उचलून दाखवणं नाही, पाठीमागे सूर नाहीत. नुसती झटापट, चादरींचा आवाज, धाप. इतका वेळ चालतं की बघणाऱ्याला आधी संकोच वाटतो, मग तो ओसरतो, आणि मग एकदम लक्षात येतं की त्या एकमेकींना किती घट्ट धरून आहेत. सकाळी ही उठते आणि निघून जाते.

मला त्या बिछान्यापेक्षा ते 'अजून' जास्त लागलं. अजून म्हणण्याची मुभा असणं. आमच्याकडे पंगतीत बाई अजून म्हणत नाही. ती सगळ्यात शेवटी बसते आणि उरेल ते घेते.

ताईशी बोलल्यावर रात्री जेवताना एकदम २००४ साल आठवलं. एल्फ्रीडे येलिनेकला नोबेल मिळालं म्हणून पुण्यात एका फिल्म क्लबने तिच्या १९८३च्या कादंबरीवरचा 'ला पियानिस्त' लावला होता. मिखाएल हानेकेचा, २००१चा. त्या वर्षी कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं आणि इझाबेल हुपेर व बेन्वा माजिमेल या दोघांनाही अभिनयाचं पारितोषिक. अशा खेळांना सेन्सॉरची कात्री लागत नाही, त्यामुळे एरवी न दिसणारे बरेच चेहरे त्या दिवशी आले होते. बायका आम्ही मोजून सहा. अर्ध्या तासात काहीजण कंटाळून उठून गेले, कारण त्यांना हवं ते नव्हतंच. हुपेरचं शरीर त्यात जवळजवळ दिसतच नाही, दिसतो तो चेहरा.

गोष्ट व्हिएन्नातली, बोलणं फ्रेंच. एरिका कोहूट, म्हणजे हुपेर, संगीतशाळेत पियानोची नामवंत शिक्षिका, शूबर्ट आणि शूमान यांत मुरलेली. आईबरोबर राहते. आई तिची पर्स तपासते, उशीर का झाला विचारते, तिने घेतलेला नवा ड्रेस हिसकावताना फाडते. दोघी एकाच खोलीत, शेजारी शेजारी पलंगांवर झोपतात. चाळिशीच्या घरातली बाई आणि तिला स्वतःची झोपायची जागा नाही. बाथटबमधला प्रसंग मी आजही पूर्ण बघू शकत नाही. तिथेही बाहेरून आईची हाक येते, जेवायला ये म्हणून.

वॉल्टर नावाचा तरुण विद्यार्थी तिच्या मागे लागतो. देखणा, हुशार, शूबर्ट सुरेख वाजवतो. त्याला ती हवी आहे आणि ते तो अगदी सहज सांगू शकतो. एरिकाला सांगता येत नाही. म्हणून तीही पत्र लिहिते. आपल्याबरोबर काय काय करायचं, कसं बांधायचं, कसं मारायचं, सगळं मुद्देसूद, वर्गात सूचना द्याव्यात तसं. खोलीचं दार कपाट सरकवून बंद केलेलं, बाहेर आई, आणि तो पत्र मोठ्याने वाचतो. एरिका बसून ऐकतेय. हुपेरच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आहे ते मी परत कुठे पाहिलं नाही. पेपर तपासून घ्यायला उभ्या असलेल्या मुलीचा तो चेहरा आहे. बरोबर आलं का? चालेल का?

आणि नेमकं तेव्हा आमच्या हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मग अजून दोघं-तिघं. पडद्यावर वॉल्टर तिला तू आजारी आहेस म्हणून झिडकारत होता, आणि अंधारात त्याच्या बाजूची माणसं बसली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पत्रातल्या मागण्या भयंकर आहेत, मला त्या कळत नाहीत असंही नाही आणि कळतात असंही म्हणवत नाही. पण त्या पत्रात मला एक बाई दिसते जिला आयुष्यात फक्त शिस्त शिकवली गेली, म्हणून जवळीक मागायची तीही शिस्तीच्याच भाषेत मागते. दुसरी भाषा तिला येत नाही. तो निघून गेल्यावर त्या रात्री ती काय करते? शेजारी झोपलेल्या आईच्या अंगावर झेपावते, तिचे मुके घेत सुटते. कुणीतरी धरावं म्हणून. आई म्हणते, वेडी झालीस. पुढे वॉल्टर परत येतो आणि पत्राचाच दाखला देत तिच्यावर बळजबरी करतो. शब्द तिचेच, पण मर्जी तिची नाही. हा फरक हानेके एक क्षणही पुसट होऊ देत नाही, म्हणून मला तो थंड दिग्दर्शक वाटत नाही, लोक काहीही म्हणोत.

दिग्दर्शक बुन्युएलचा 'बेल द जूर' मी याच आठवड्यात परत पाहिला. १९६७चा, दुपारी दोन ते पाच कुंटणखान्यात जाणारी डॉक्टरची देखणी बायको. कातरीन दनव सुंदर, कपडे सुंदर. पण तिची स्वप्नं पुरुषाने रंगवलेली वाटत राहतात. एरिका मात्र मुळात एका बाईने लिहिलेली आहे. येलिनेक स्वतः व्हिएन्नाच्या संगीतशाळेत शिकलेली, आईच्या धाकात वाढलेली. आईशेजारच्या त्या पलंगाचा तपशील नुसत्या कल्पनेतून येत नाही.

पलंग. आता तेच लिहायचं आहे, त्यासाठीच वही उघडली.

माईआत्या एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली. शाळेत नोकरी केली, आणि आजी जाईपर्यंत एकतीस वर्षं आजीच्या खोलीत झोपली, दोन खाटा एकमेकींना लावून. रात्री आजीची हाक ऐकू यावी म्हणून, असं घरात सांगत. दुपारी शाळेतून आली की ती माझ्या केसांना तेल लावायची. तेल जिरून गेलं तरी बोटं केसांतच ठेवून बसायची. मी चुळबुळ केली की म्हणायची, "थांब गं जरा."

ती गेली त्याच्या दहाव्याला आम्ही संगम माहुलीला होतो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर, खाली येईनात. पाऊण तास झाला. मग काका हात जोडून पुढे झाले. माई, वाड्याचं काम पुरं करतो. माई, सुनीलचं लग्न यंदा करतो. माई, तुझ्या पाटल्या धाकटीला देतो. कावळा हलेना. कुणीतरी म्हणालं, "कशात वासना राहिली असेल हो हिची?"

वासना. हाच शब्द. मोठ्याने, नदीकाठी, गुरुजींच्या आणि सगळ्या पुरुषांच्या देखत. ती जिवंत असताना तिच्या नावाशेजारी हा शब्द ठेवायची कुणाची छाती नव्हती. आता सगळे गंभीरपणे विचार करत होते, तिला काय हवं असेल. पाटल्या, वाडा, सुनील, तुळशीवृंदावन. यादी संपली. मीही तिथे उभी होते, मलाही काही सुचलं नाही.

ऊन चढलं तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला, आणि आम्ही सगळे जेवायला गेलो.