टेंबलाईवरून उतरल्यावर

मंगळवार

कटिंगला बसलो होतो. कॅम्पमधला सोल्जर कट वाढून कानावर आलाय, त्याला काही आकार देता येतो का ते सलूनवाला बघत होता. तोवर शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं विचारलं, "होमगार्डला आहात काय?"

नाही म्हटलं, टीए. टेरिटोरियल आर्मी.

"म्हणजे पोलिसातच ना?"

मी तोंड उघडायच्या आत सलूनवाल्यानंच निकाल लावला, "मिलिटरीच हाय ओ, पर हप्त्याहप्त्यानं."

इतक्या वर्षांत याच्याइतकं नेमकं मलाही सांगता आलं नव्हतं. टीएचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी १ मार्चला आपलं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं होतं आणि संस्थानची राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. आमची टीएची १०९ बटालियनही मराठाचीच, टेंबलाईच्या टेकडीवर. युद्धघोष तोच, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय'. फरक एवढाच की इथं येणाऱ्याच्या हाताला आधीच काहीतरी कामधंदा पाहिजे. फौज हे त्याचं पोट नव्हे, ही मूळ अट. वय १८ ते ४२, त्यामुळं रेग्युलरच्या भरतीत वय उलटलेले माझ्यासारखेही इथं बसतात. वर्षाला दोन महिने ट्रेनिंग. सरकारनं एम्बॉडी केलं, म्हणजे सेवेत बोलावलं, की रेग्युलरसारखीच ड्युटी, तोच पगार, काश्मीर काय आणि ईशान्य काय. डिसएम्बॉडी केलं, म्हणजे सेवेतून मोकळं केलं, की ट्रंक घेऊन घरी आणि त्या दिवसापासून पगार बंद.

हे सगळं त्या माणसाला सांगितलं नाही. त्याची दाढी झाली होती.

यंदा कॅम्प नवरात्राच्या आधीच लागला, त्यामुळं एक गंमत झाली. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला टेंबलाईवर येते आणि कोहळा फोडतात, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोहळ्याचा तुकडा हाताला लागावा म्हणून तिथं काय रेटारेटी असते! बायको पोरीला घेऊन आली होती. मी आत, तारेच्या कुंपणाच्या पलीकडं, ड्युटीवर. शिवाजी पेठेतल्या घरापासून टेकडी चार-पाच किलोमीटर, तरी भेट नाही. रात्री फोनवर तिचं एकच, "काश्मीरला असतासा तर समजून घेतलं असतं."

गुरुवार

कारखान्यात परत चार दिवस झाले. शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात त्या कोअर शॉपचं माझ्याकडं बघणं. दोन महिन्यांत निम्मे चेहरे बदललेत. मी जाताना कोअर शूटरवर, म्हणजे गाभे बनवायच्या मशीनवर, झारखंडचे दोघं होते, आता ओडिशाचे आलेत. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, सगळे बिहारचे. नॉकआउटला, साचे फोडून माल काढायला, एक पन्हाळ्याकडचा पोरगा होता तोही गेला, कुठल्यातरी ॲपसाठी पार्सलं पोचवतोय म्हणे. त्याचं बरोबरच आहे. धूळ नाही, उष्णता नाही. पाऊस आहे, पण पाऊस आम्हा कोल्हापूरकरांना नवा नाही.

मी लागलो तेव्हा इथं मराठीशिवाय दुसरं कानावर पडत नव्हतं. आता दिवसभर हिंदी. सुरुवातीला माझे सहकारी गडबडायचे, मी नाही, कारण ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांच्या शिव्या खात खात माझी हिंदी बराकीत पक्की झालेली. "सँड में मॉइश्चर जादा है" हे मी ज्या सुरात सांगतो त्याला पोरं ताडकन उभी राहतात. एकदा मालकांनी ऐकलं आणि म्हणाले, जरा हळू, पळून जातील.

आणि सगळे कॉन्ट्रॅक्टवर. कंपनीच्या हजेरीपटावर असलेले आम्ही मोजकेच उरलोय. पूर्वी उद्यमनगरात, शहरातल्या छोट्या वर्कशॉपांच्या वस्तीत, लेथवर हाताखाली लागलेला पोरगा तिथंच मिस्त्री व्हायचा, तिथंच त्याचं लग्न ठरायचं, लेथ विकत घेऊन शेजारीच शेड टाकायचा. ऑइल इंजिनांपासून हे शहर असंच मोठं झालं. आता ठेकेदार अकरा महिन्यांनी कागद नवा करतो.

टीएत जाणाऱ्याची मूळ नोकरी राखून ठेवावी असं कायद्यात आहे. आधीच्या एका कारखान्यात मी तो कायदा घेऊन गेलो तर साहेबांनी कागद नीट वाचला, देशसेवेबद्दल चार चांगले शब्द बोलले, आणि परत आलो तेव्हा माझं मशीन दुसऱ्याच्या हातात होतं. इथले मालक तसे नाहीत. दोन महिने सांभाळून घेतात. फक्त दर पंधरा ऑगस्टला वर्दी घालून झेंड्याला या म्हणतात आणि फोटो काढून कस्टमरांच्या ग्रुपवर टाकतात. वर्दी काही त्यासाठी नसते. मी पांढरा शर्ट घालून जातो.

शुक्रवार

गंगावेशीत दूध प्यायला थांबलो. रात्री कट्ट्यावर म्हशी उभ्या, समोर धार काढून ग्लास हातात. हे अजून तसंच आहे, फक्त पैसे स्कॅनरवर. म्हशीच्या मालकाचा फोन खिशातूनच ओरडतो, इतके रुपये प्राप्त झाले. म्हैस दचकत नाही, मी दचकलो.

तिथं तालमीतले दोघं भेटले आणि विषय मेवर गेला. मे २०२५. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि लष्करप्रमुखांना टीए बोलवायचे अधिकार दिल्याची बातमी आली. बत्तीसपैकी चौदा इन्फंट्री बटालियन. आमची त्यात होती की नव्हती, ते इथं लिहायचं नाही. पण ते तीन-चार दिवस गल्लीनं माझं काय केलं ते लिहायला हरकत नाही.

आमच्या टीएला होमगार्ड समजणारी माणसं एका रात्रीत बटालियनचे नंबर सांगायला लागली. पार्किंगवरून वर्षभर अबोला धरलेले शेजारी पेढे घेऊन आले, मी अजून घरातच असताना. पोरंटोरं सेल्फीला. एकजण म्हणाला, "दादा, आता घुसूनच मारा, थांबू नका." त्याला विचारलं, तुझ्या घरातलं कोण आहे फौजेत? कोणी नाही. "आमच्यात सगळे बिझनेसमध्ये."

त्याच रात्री आई ट्रंक उघडून बसली होती. काही बोलली नाही. वर्दीच्या घड्या मोडायच्या, परत घालायच्या. माझा मामा एकाहत्तरच्या युद्धात होता. तेव्हा घरात रेडिओ नव्हता, चावडीवर जाऊन ऐकायचं. आता सायरनचा आवाज टीव्हीवाले स्टुडिओतूनच लावत होते आणि आईला ते कोल्हापुरात वाजतंय असं वाटत होतं. शेवटी टीव्हीची वायर काढून ठेवली. दहा तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याचं कळलं, तेव्हा गल्लीतले काही जण माझ्यावर नाराज दिसले. जणू मी मॅच सोडली.

वर्दीला सलाम वाढलेत, खोटं कशाला बोलू. आधी एसटीत कोणी जागाही देत नव्हतं, आता हॉटेलात कोणीतरी बिल भरतो. सैनिक टाकळीसारख्या फौजींच्या गावात मात्र मला कधी कोणी सलाम ठोकल्याचं आठवत नाही. घराघरात फौजी, कोण कुणाला ठोकणार? तिथं विचारतात, पाणी कसंय तिकडचं, थंडी किती.

रविवार

बहिणीकडं गेलो, गडहिंग्लज तालुक्यात. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, एकामागं दोन-दोन जोडलेल्या. भाचा रजेवर आलाय. जानेवारी २०२३ मध्ये बेळगावच्या मराठा सेंटरला गेला, अग्निवीरांची पहिलीच तुकडी. म्हणजे २०२७ लागेपर्यंत त्याची चार वर्षं भरतील. चौघांतला एक कायम होणार, तिघं घरी. हातात सेवानिधीचे, म्हणजे जाताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचे, अकरा लाख सत्तर हजार आणि वर थोडे. पेन्शन नाही.

पोरगा अंगानं असा भरलाय की ओळखू येईना. पाया पडला ते कडक, एकदम ड्रिलसारखं. जेवण झाल्यावर मला गोठ्याच्या मागं घेऊन गेला.

"मामा, राहिलो नाही तर टीएत घेतील काय?"

"घेतील की. माजी सैनिकाला घेतात. पण हातात नोकरीधंदा पाहिजे."

"नोकरी असती तर टीएत कशाला आलो असतो?"

याच्यावर काय बोलणार? मीच हसलो, मग तोही हसला. पण प्रश्न काही हसण्यावारी नव्हता. मला आठवलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवाजी विद्यापीठाच्या मैदानावर टीएची भरती होती. परराज्यांतली पोरं पाठीला सॅक अडकवून आली होती. हातातलं काम सांभाळून चार दिवस देशाचे, असं ठरवून त्यातले किती आले असतील? कामच नाही म्हणून आलेली. एक मैल पळायचं, दांड्याला लोंबकळून बीम मारायचे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा. अट एक आहे आणि रांग दुसऱ्याच कारणासाठी लागलीय.

परतताना गाडीवर हेच डोक्यात. मी टीएत लागलो तेव्हा मेव्हणे मला अर्धा सोल्जर म्हणायचे. पूर्ण सोल्जर म्हणजे सतरा वर्षं, पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड, गावात बंगला. पूर्ण कामगार म्हणजे पीएफ, दिवाळीला बोनस. मी दोन्हीकडं अर्धा. आता बघतो तर माझ्या कारखान्यातला ओडिशाचा पोरगा अकरा महिन्यांचा, पार्सलवाला दिवसाचा, फौजेतला भाचा चार वर्षांचा. ज्याला अर्धवट म्हणून हसत होते त्या माझ्याकडं आता दोन ठिकाणी जागा आहे आणि पूर्ण म्हणवणाऱ्यांना एकाही ठिकाणची खात्री नाही. मेव्हण्यांनी आज जेवताना मला स्वतःच्या हातानं दोनदा पांढरा रस्सा वाढला. असं कधी झालं नव्हतं.

मला याचा आनंद झाला असं नाही. टीएची कल्पनाच अशी की मागं देश आपल्या कामात घट्ट रोवलेला आहे, आणि त्यातली काही माणसं गरजेपुरती उचलून आणायची. रेल्वेवाला रेल्वेची टीए चालवतो, १९८२ पासून पर्यावरण बटालियनमध्ये माजी सैनिक झाडं लावतात. परत जायला काहीतरी असणं हाच त्याचा पाया. तोच हलला तर आमची दोन महिन्यांची परेड कशावर उभी राहणार, हे कुठल्याही सुभेदार साहेबांनी शिकवलेलं नाही.

मंगळवार

मालकांना भाच्याबद्दल विचारलं. "अग्निवीर? मग सिक्युरिटीत घेऊ की, गेटला. शिस्त असते त्यांना." म्हणालो, गेटवर नको, शॉपमध्ये घ्या. "आयटीआय आहे?" नाही, बारावीवरून थेट गेला. "मग वर्षभरानं बघू, ऑर्डरी बघून."

गेटवर उभं राहण्यात कमीपणा काही नाही. पण मॉर्टर चालवायला शिकलेलं पोरगं आमच्या ट्रकचे नंबर लिहीत बसणार, आणि त्याच्यासमोरून मी कार्ड पंच करून आत जाणार, हे मला जमणारं नाही.

उद्यमनगरात माझा एक जुना मित्र लेथ चालवतो. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, हाताखाली माणूस मिळत नाही म्हणून सतत रडत असतो. त्याला फोन केला. रजेचे राहिलेले दिवस पाठवून दे म्हणाला, जॉब चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायला आणि टूलला धार लावायला शिकवतो, पुढच्या रजेला थ्रेडिंग, म्हणजे आटे पाडणं. पैसे घेणार नाही, पण सकाळी नऊच्या ठोक्याला पाहिजे, उशीर चालणार नाही.

भाच्याला कळवलं. म्हणतो, "नऊ? मामा, तोवर आमचा निम्मा दिवस झालेला असतोय. त्यांना सांगा, शटर उघडायला मीच येतो."